दुरुस्तीच्या बाकड्यावरून: लॉरिन आणि क्लेमेंट यांचा कारखाना



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमलो आहोत, त्यांनी उभं आयुष्य वर्कशॉप शिकवण्यात घालवलं. हाताला ग्रीस लागल्याशिवाय यंत्र कळत नाही, असं ते मानत. म्हणून आजचा विषय ठरवताना मी एखाद्या नामवंत संशोधकाकडे न वळता सायकली दुरुस्त करणाऱ्या दोन माणसांकडे वळलो. वात्स्लाव लॉरिन आणि वात्स्लाव क्लेमेंट. दोघांचं पहिलं नाव एकच. गाव म्लादा बोलेस्लाव, प्रांत बोहेमिया, म्हणजे आजचं चेक प्रजासत्ताक. 1895 सालच्या डिसेंबरात त्यांनी भाड्याच्या जागेत भागीदारीत काम सुरू केलं. आधी सायकली दुरुस्त केल्या, लगोलग स्वतःच्या बनवायला घेतल्या, चार वर्षांत मोटरसायकल काढली आणि दहा वर्षांत मोटारगाडी. 1925 मध्ये हा कारखाना प्लझेनच्या स्कोडा उद्योगात विलीन झाला आणि पुढे त्याच नावानं जगभर ओळखला जाऊ लागला.

छत्रपती संभाजीनगरला हे नाव नवं नाही. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत 2001 पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. 2022 मध्ये चाकणला तयार होणारी ‘स्लाविया’ नावाची गाडी बाजारात आली. हे नाव या दोघांच्या पहिल्या सायकलीचं आहे, आणि त्याच सायकलीच्या आठवणीसाठी ते गाडीला दिलं, असं कंपनीनंही जाहीर केलं होतं. गाडीच्या पाठीवरचं ते नाव सिग्नलला उभं असताना आपण वाचतो, पण सायकलीची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगितलेली नाही. जिथे सांगितली जाते तिथे तिच्यातला एकच प्रसंग सांगितला जातो, अपमानाच्या पत्राचा. तो प्रसंग खरा आहे, मोठाही आहे. पण त्या पत्राच्या रागावर कारखाना उभा राहिला, असं जे सुचवलं जातं ते मला पटत नाही. कारखाना उभा राहिला तो दुरुस्तीच्या बाकड्यावर. आज मला हेच मांडायचं आहे.

आधी गावाविषयी. म्लादा बोलेस्लाव हे प्रागच्या ईशान्येला साठेक किलोमीटरवर, यिझेरा नदीच्या काठचं गाव. त्या काळी बोहेमिया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. या गावाला युंगबुन्त्सलाउ असं जर्मन नावही होतं. बोहेमियात चेक बोलणारे संख्येनं जास्त, पण सरकारदरबारी, बँकांत, मोठ्या व्यापारात वजन जर्मनचं. भाषेवरून वातावरण किती तापलं होतं, याची कल्पना एका घटनेवरून यावी. 1897 मध्ये साम्राज्याच्या ऑस्ट्रियन भागाचे पंतप्रधान काउंट बादेनी यांनी बोहेमियातल्या सरकारी नोकरांना चेक आणि जर्मन अशा दोन्ही भाषा आल्या पाहिजेत, असा हुकूम काढला. त्यावरून व्हिएन्नाच्या संसदेत हातघाई झाली, रस्त्यांवर दंगली झाल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बादेनींना पायउतार व्हावं लागलं. दोन वर्षांनी हुकूमही मागे घेतला गेला. क्लेमेंटची गोष्ट घडली ती या काळात.

क्लेमेंटचा जन्म 1868 चा, वेल्वारी गावचा. घरची परिस्थिती बेताची. पुस्तकांच्या दुकानात उमेदवारी करून तो धंदा शिकला आणि बोलेस्लावला येऊन पुस्तकविक्रेता झाला. या गावाचं पुस्तकांशी नातं जुनं आहे. बोहेमियाचा सर्वांत जुना छापील नकाशा 1518 चा, आणि तो करणारा मिकुलाश क्लाउद्यान हा बोलेस्लावचाच मुद्रक. यंत्राच्या गोष्टीत पुस्तकाचं दुकान कशाला, असं वाटेल. पण क्लेमेंटची पुढची सगळी चाल मला या दुकानातून आलेली दिसते. बाहेर काय छापलं जातंय, कुठल्या शहरात काय नवं निघालंय, याची खबर पुस्तकविक्रेत्याला आधी लागते. माल कसा मांडायचा, जाहिरात कशी लिहायची, उधारी कुणाला द्यायची हे त्याला कळतं. लॉरिन त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा, 1865 चा. तो लोहारकामात आणि यंत्रकामात तयार झालेला कारागीर. जवळच्या तुर्नोव गावात भागीदारीत सायकली बनवण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. एकाला जग कुठे चाललंय ते कळे, दुसऱ्याला लोखंड काय म्हणतंय ते कळे. दोघांची गाठ पडली नसती, तर क्लेमेंट बहुधा एक चांगला पुस्तकविक्रेता म्हणून राहिला असता आणि लॉरिन एक चांगला मिस्त्री म्हणून.

आता ते पत्र. क्लेमेंटनं एक जर्मन सायकल विकत घेतली. नाव ‘जर्मानिया’, बनवणारी कंपनी ड्रेस्डेनची झाइडल उंड नाउमान. शिवणयंत्रं आणि सायकली करणारी ही त्या काळातली बडी कंपनी. पुढे तिचे टाइपरायटरही गाजले. सायकलीत दोष निघाला. क्लेमेंटनं कंपनीच्या ऊस्ती इथल्या शाखेला पत्र लिहून तक्रार केली. ऊस्ती बोहेमियातच, म्हणून पत्र त्यानं आपल्या भाषेत, चेकमध्ये लिहिलं. उत्तर आलं ते जर्मनमधून, आणि त्याचा आशय असा की, आमच्याकडून उत्तराची अपेक्षा असेल तर आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा.

मराठी माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. आपल्याच मुलखात, आपल्याच पैशानं घेतलेल्या वस्तूबद्दल, आपल्या भाषेत दाद मागावी आणि समोरून असं उत्तर यावं, हा सल काय असतो ते आपल्याला ठाऊक आहे. क्लेमेंटलाही तो लागला असणार. सायकलीला दिलेलं ‘स्लाविया’ हे नाव पाहा. समोर जर्मानिया, इकडे स्लाविया. त्या नावात रागही आहे आणि अभिमानही. मी तो नाकारत नाही.

पण असं पत्र त्या काळात एकट्या क्लेमेंटला आलेलं नसणार. अशी उत्तरं बोहेमियात शेकडोंना मिळत असतील. त्यांतल्या कितीतरी जणांनी वर्तमानपत्रात निषेध लिहिला असेल, सभेत भाषण केलं असेल, जर्मन माल घ्यायचा नाही अशी शपथ घेतली असेल. ते सारं योग्यच. तरी त्यातून सायकल तयार होत नाही. सायकल तयार व्हायला नळी कापावी लागते, सांधे पितळानं जोडावे लागतात, चाकाच्या तारा एकसारख्या ताणाव्या लागतात. हे करणारा हात लॉरिनचा होता, आणि त्या हाताला रोजचा सराव मिळाला तो दुसऱ्यांच्या बिघडलेल्या सायकलींवर.

त्या काळात सायकल ही नव्यानं घडलेली वस्तू होती, हे लक्षात घेतलं पाहिजे. दोन सारख्या चाकांची, साखळीनं मागचं चाक फिरवणारी सायकल इंग्लंडात स्टार्लीनं 1885 मध्ये आणली. डनलॉपचा हवेचा टायर 1888 चा. म्हणजे 1895 मध्ये बोलेस्लावच्या दुकानात येणारी सायकल जेमतेम दहा वर्षांच्या शोधातून घडलेली. तिची चौकट कुठे तडकते, छर्रे किती दिवसांत झिजतात, चिमटा कुठे वाकतो, रिम कशामुळे आउट होते, हे अजून कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते कळायचं फक्त दुरुस्तीवाल्याला. कारखानदार आपलीच सायकल ओळखतो. दुरुस्तीवाल्याच्या बाकड्यावर दहा कारखान्यांच्या सायकली येतात, आणि त्या जिथे हरल्या नेमक्या त्याच जागी उघडलेल्या असतात. बोहेमियातले रस्ते ड्रेस्डेनच्या रस्त्यांसारखे नव्हते. खडी, चिखल, चढउतार. ड्रेस्डेनच्या कारखान्यात जो दोष कुणाच्या ध्यानात आला नसेल, तो बोलेस्लावच्या दुकानात दर आठवड्याला समोर येत असणार.

आपल्याकडे सायकल मार्टमध्ये बसलेला कारागीर पायडल एकदा हातानं फिरवतो आणि कान देऊन सांगतो, ‘बीबीचे छर्रे गेलेत,’ म्हणजे पायडलांच्या मधल्या आसाच्या बेअरिंगचे. हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या सवयीतून येतं. आपण त्याला ज्ञान म्हणत नाही, हे मला फार खुपतं. लॉरिनपाशी हेच ज्ञान होतं. फरक इतकाच की त्याच्या शेजारी क्लेमेंट बसला होता, आणि या ज्ञानातून माल बनवता येईल, तो विकता येईल, त्याला नाव देता येईल, हे क्लेमेंटला दिसलं.

सायकलीच्या दुकानातून मोटरधंद्यात आलेली मंडळी त्या काळात युरोपभर दिसतात. ओपेलनं शिवणयंत्रांनंतर सायकली केल्या आणि मग मोटारी. फ्रान्सच्या प्यूजोचंही तसंच. ऑस्ट्रियात ग्राट्सला योहान पुख हा कारागीर होता. मूळचा स्लोव्हेन, म्हणजे तोही साम्राज्यातल्या एका लहान भाषेचा माणूस. त्यानंही सायकलींपासून सुरुवात करून पुढे मोटरसायकली काढल्या. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

1898 पर्यंत बोलेस्लावमध्ये लॉरिन आणि क्लेमेंटनी स्वतःची कारखान्याची इमारत उभी केली. याच सुमारास क्लेमेंट पॅरिसला गेला. तिथे वर्नर बंधूंची ‘मोटोसिक्लेट’ पाहून तो भारावला आणि एक घेऊन आला. हे वर्नर बंधू म्हणजे पॅरिसमध्ये स्थायिक झालेले दोघे रशियन. त्यांचं यंत्र म्हणजे साधी सायकल, आणि तिच्या हँडलपुढे, पुढच्या चाकाच्या वर बसवलेलं छोटं इंजिन. इंजिनापासून पट्टा खाली येऊन पुढचंच चाक फिरवायचा.

इथे थोडं थांबू या, कारण माझ्या दृष्टीनं गोष्टीचा गाभा इथे आहे. इंजिन हँडलपाशी ठेवलं की सगळं वजन वर आणि पुढे जातं. सरळ, कोरड्या रस्त्यावर ते चालून जातं. पण वळताना वरचं वजन गाडीला बाहेर ओढतं. रस्ता ओला असेल तर ओढणारं चाक आणि वळणारं चाक एकच असल्यानं ते सटकतं, आणि पुढचं चाक सटकलं की सावरायला काही उरत नाही. त्यात इंजिनात ठिणगी पाडण्याची सोय नव्हती. बाहेर एक ज्योत जळत असे, तिनं एक नळी लालभडक तापवायची आणि त्या नळीच्या उष्णतेनं आतला वायू पेटायचा. गाडी आडवी झाली की ही ज्योत, पेट्रोल आणि चालवणारा तिघं एकाच जागी. या यंत्रावरून पडून लॉरिननं समोरचा एक दात गमावला, अशी कथा कंपनीच्या इतिहासात सांगितली जाते.

पडल्यावर माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. यंत्राला नावं ठेवतो, नाहीतर यंत्र उघडतो. या दोघांनी ते उघडलं. सायकलीला इंजिन चिकटवण्याऐवजी इंजिनासाठी चौकटच नव्यानं आखली. इंजिन खाली आणलं, चौकटीच्या तळाशी, पायडलांजवळ. वजन जमिनीच्या जवळ आलं आणि दोन चाकांच्या मध्ये आलं. पट्टा मागच्या चाकाला जोडला, म्हणजे ढकलायचं काम मागच्या चाकाचं आणि वळायचं काम पुढच्याचं. ज्योत आणि तापलेली नळी काढून टाकून विजेची ठिणगी आणली. त्यासाठी त्यांनी जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. बॉश तेव्हा श्टुटगार्टमध्ये चुंबकावर चालणाऱ्या प्रज्वलनाचं काम करत होता. म्हणजे पाहा, एका जर्मन कंपनीच्या पत्राचा डंख ताजा असतानाही दुसऱ्या जर्मन कारागिराला सल्ला विचारायला क्लेमेंट कचरला नाही. मला त्याच्या स्वभावातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. राग होता, पण तो शिकण्याच्या आड आला नाही.

1899 च्या नोव्हेंबरात ‘स्लाविया’ मोटरसायकल लोकांपुढे आली. ताकद जेमतेम सव्वा अश्वशक्तीची. त्या काळची मोटरसायकल चालवणं म्हणजे काय असे, तेही सांगतो. क्लच नाही, गिअर नाहीत. इंजिनचा पट्टा थेट चाकाला. चालवणारा सायकलीसारखा पायडल मारत निघायचा. टाकीच्या बगलेला दोन-तीन दांड्या असत. एकीनं इंजिनातला दाब सोडून ठेवायचा, म्हणजे पायडल हलकं फिरे. वेग आला की ती दांडी सोडायची, मग इंजिन फटफटायला लागे. दुसऱ्या दांडीनं हवा आणि पेट्रोलचं प्रमाण सांभाळायचं, आणखी एकीनं ठिणगीची वेळ पुढेमागे करायची. मध्येच हातपंपानं इंजिनाला तेल पाजायचं. कमी पडलं तर इंजिन जाम होणार, जास्त झालं तर धुराचे लोट. चढ आला की पुन्हा पायडल मारून इंजिनाला साथ द्यायची. पाऊस आला की चामड्याचा पट्टा भिजून घसरू लागायचा. उभं राहायचं तर इंजिन बंदच करावं लागे. अशा यंत्रावर एखाद्यानं बोलेस्लावहून प्रागला जायचं ठरवलं, तर वाटेत काय बिघडेल आणि ते कसं दुरुस्त करायचं हे त्याला ठाऊक असावंच लागे.

इंजिन तळाशी नेण्याचा विचार एकट्या बोलेस्लावमध्ये झाला, असं मी म्हणणार नाही. युरोपात बरेच जण त्या दिशेनं धडपडत होते. खुद्द वर्नर बंधूंनी 1901 मध्ये नव्या चौकटीत इंजिन खाली घेतलं आणि पुढे जगभर तीच रचना रूढ झाली. पण एका लहान गावातला, तीसेक कामगारांचा कारखाना त्यांच्याही आधी या उत्तरापर्यंत पोचला होता. लंडनच्या ह्यूएटसन कंपनीनं दीडशे मोटरसायकलींची मागणी नोंदवली. परदेशातून आलेली ही पहिली मोठी मागणी.

1901 च्या जूनमध्ये पॅरिस ते बर्लिन अशी मोटारींची प्रचंड शर्यत झाली. तीत बोलेस्लावचा नार्त्सिस पोदसेद्निचेक स्लावियावर उतरला. तो रात्री तीनच्या सुमाराला बर्लिनला पोचला, तेव्हा शेवटच्या ठिकाणी वेळ नोंदवायला कुणीच हजर नव्हतं. मग त्यानं रस्त्यावरच्या पोलिसाकडून आपण आल्याचं लिहून घेतलं. शर्यतीच्या अधिकृत निकालात ते धरलं गेलं नाही, असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. हजाराहून अधिक किलोमीटर दगडाधोंड्यांच्या रस्त्यावरून आलेलं यंत्र मात्र धडधाकट होतं, आणि पुढचे ग्राहक मिळवून द्यायला तेवढं पुरेसं होतं.

याच वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. नेहमी सांगितल्या जाणाऱ्या कथेत ती बहुतेक वेळा गाळली जाते, याचं मला नवल वाटतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत ‘जर्मानिया’ नावाच्या मोटरसायकली विकल्या जाऊ लागल्या. बनवणारी कंपनी झाइडल उंड नाउमान, ड्रेस्डेन. आणि त्या मोटरसायकली होत्या लॉरिन आणि क्लेमेंट यांच्याकडून परवाना घेऊन बनवलेल्या. ज्या कंपनीनं काही वर्षांपूर्वी चेक भाषेतल्या तक्रारीला उत्तर द्यायचं नाकारलं होतं, तिनं बोलेस्लावच्या कारखान्याचा आराखडा पैसे मोजून घेतला. त्या परवान्याचा करार कुठल्या भाषेत झाला असेल, याचा विचार माझ्या मनात येतो, पण तो प्रश्न दुय्यम आहे. ड्रेस्डेनला परवाना घ्यावासा वाटला तो इंजिन योग्य जागी होतं म्हणून, ठिणगी भरवशाची होती म्हणून. स्वाभिमानाचं पत्र कितीही धारदार असतं, तरी त्याचा हा परिणाम झाला नसता.

शर्यतींकडे पुन्हा वळू, कारण क्लेमेंटनं त्यांचा उपयोग फार डोळसपणे केला. फ्रान्समध्ये मोटरसायकलींचा आंतरराष्ट्रीय चषक सुरू झाला होता. नियम असा की यंत्राचं वजन 50 किलोच्या आत असलं पाहिजे. आज एखाद्या मोपेडचंही वजन त्याहून जास्त भरतं. 1904 च्या शर्यतीत रस्त्यावर खिळे टाकल्याच्या तक्रारी झाल्या, वाद माजले आणि निकालच रद्द झाला. या गोंधळातून त्याच वर्षी मोटरसायकल क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

1905 ला शर्यत पुन्हा पॅरिसजवळच्या दुर्दां इथे झाली. 54 किलोमीटरचा फेरा, असे पाच फेरे, एकूण 270 किलोमीटर. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि ऑस्ट्रिया यांचे स्पर्धक. लॉरिन आणि क्लेमेंट यांच्या दोन सिलिंडरच्या यंत्रावर वात्स्लाव वोंद्रिख होता, या गोष्टीतला तिसरा वात्स्लाव. त्यानं ही शर्यत 3 तास 5 मिनिटांत जिंकली. सरासरी वेग ताशी 87 किलोमीटर. 50 किलोचं यंत्र, नावाला ब्रेक, डांबर नसलेला रस्ता आणि पट्ट्यावर चालणारं चाक, हे ध्यानात घेऊन हा आकडा पाहावा. हलकं यंत्र वेगवान करणं त्या मानानं सोपं असतं. हलकं यंत्र तीन तास न मोडता पळवणं कठीण. चौकट तडकू नये, पट्टा तुटू नये, टायर टिकावेत, इंजिन तापून अडकू नये. बोलेस्लावच्या बाकड्यावर वर्षानुवर्षं जे मोडताना पाहिलं होतं, ते इथे मोडलं नाही.

वोंद्रिखचा विजय ऑस्ट्रियाच्या खात्यात नोंदवला गेला. चेक माणूस, चेक कारखाना, चेक गाव, पण निकालाच्या कागदावर देश ऑस्ट्रिया. त्या विजयानंतर बोलेस्लावमध्ये लोकांच्या मनात काय चाललं असेल, ते पारतंत्र्य भोगलेल्या कुणालाही कळेल.

जिंकणाऱ्या देशानं पुढची शर्यत भरवायची, म्हणून 1906 ची शर्यत बोहेमियातल्या पात्सोवला झाली. या वेळी पहिले दोन क्रमांक योहान पुखच्या यंत्रांनी घेतले. यजमानांनी वाटेवर सुटे भाग पुरवणाऱ्या गाड्या फिरवल्या, अशी ब्रिटिश स्पर्धकांची तक्रार होती. ते नाराज होऊन परतले. परतीच्या प्रवासात त्यांच्यात चर्चा झाली की आपणच आपल्या नियमांनी एक शर्यत भरवावी, आणि 1907 च्या मे महिन्यात आइल ऑफ मॅन बेटावर टीटी शर्यत सुरू झाली. मोटरसायकलींच्या जगातली ही सर्वांत नावाजलेली शर्यत आजही चालते. तिच्या मुळाशी बोहेमियातल्या एका लहान गावाच्या रस्त्यावरचा वाद आहे.

तोवर बोलेस्लावचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. दोन, पुढे चार सिलिंडरच्या मोटरसायकली करून झाल्यावर लॉरिनचं मन चार चाकांकडे वळलं. 1905 मध्ये ‘व्हॉइच्युरेट ए’ ही पहिली मोटारगाडी तयार झाली. दोन सिलिंडर, सात अश्वशक्ती, वेग ताशी चाळीसेक किलोमीटर. 1907 मध्ये भागभांडवलाची कंपनी झाली. सायकली मागे पडल्या आणि 1910 च्या पुढेमागे मोटरसायकलींचं उत्पादनही थांबलं. जगाला आपली ओळख ज्या यंत्रानं करून दिली, ते यंत्र त्यांनी दहा-बारा वर्षांत सोडून दिलं. मोटरसायकलप्रेमींना याचं वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण हिशोब सरळ होता. मोटारीच्या मागणीला मर्यादा दिसत नव्हती आणि लहान कारखान्याला दोन्हीकडे पैसा घालणं परवडणारं नव्हतं.

त्यानंतरचा इतिहास मी भरभर सांगतो. 1912 मध्ये त्यांनी लिबेरेत्सचा एक मोटारकारखाना घेतला. पहिल्या महायुद्धात कारखाना सैन्याच्या कामाला जुंपला गेला. 1918 मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. स्वातंत्र्य मिळालं, पण जुन्या साम्राज्याची मोठी बाजारपेठ तुटली. 1924 मध्ये कारखान्याला आग लागली आणि मोठं नुकसान झालं. पुढच्याच वर्षी प्लझेनच्या स्कोडाशी विलीनीकरण झालं. काही काळ गाड्यांवर दोन्ही नावं होती, नंतर संस्थापकांची नावं मागे पडली. लॉरिन 1930 मध्ये वारला, क्लेमेंट 1938 च्या ऑगस्टमध्ये. पुढच्याच महिन्यात म्युनिकमध्ये करार झाला आणि त्याच्या देशाचे तुकडे पडायला सुरुवात झाली. ज्या ऊस्तीच्या शाखेला त्यानं पत्र लिहिलं होतं, ते ऊस्ती हिटलरच्या ताब्यात गेलं. ते पाहायची वेळ क्लेमेंटवर आली नाही.

लॉरिनविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. क्लेमेंटची पत्रं, जाहिराती, माहितीपत्रकं यांतून त्याचा आवाज आपल्यापर्यंत येतो. लॉरिनचा आवाज असा कुठून ऐकू येत नाही, म्हणून इतिहास लिहिणारे क्लेमेंटवर चार पानं लिहितात आणि लॉरिनवर चार ओळी. हा अन्याय सगळ्या कारागिरांच्या वाट्याला येतो. स्लावियाची चौकट पाहिली, इंजिन कुठे बसवलंय, पट्टा कसा ताणलाय, दांड्या हाताला कुठे लागतात ते पाहिलं की त्याच्या विचाराची शिस्त कळते. बोलेस्लावला जुन्या कारखान्याच्या जागेतच आता कंपनीचं संग्रहालय आहे. त्यात जुन्या सायकली आणि मोटरसायकली जपून ठेवलेल्या आहेत आणि जुनी वाहनं दुरुस्त करून पुन्हा चालती करण्याचं कामही तिथे चालतं. संग्रहालय ज्या रस्त्यावर आहे तो क्लेमेंटच्या नावाचा आहे. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना शिक्षणासाठी वा कामासाठी तिकडे जायची संधी मिळेल, त्यांनी तिथे अर्धा दिवस तरी काढावा आणि मोटारींच्या आधी मोटरसायकली पाहाव्यात.

आणि संयोजकांकडे माझी एक मागणी आहे. या शहरात जुन्या सायकल मार्टमध्ये चाळीस-पन्नास वर्षं काम केलेले कारागीर अजून आहेत. कुठल्या सायकलीची कुठली जागा मोडते, कुठला भाग बाहेरून आणण्यापेक्षा इथे बनवलेला बरा, हे त्यांना तोंडपाठ आहे. ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पुढच्या वर्षी या व्यासपीठावर त्यांच्यापैकी एकाला बोलवावं, समोर एक सायकल आणि पाने-पकड ठेवावेत, आणि सरांच्या विद्यार्थ्यांनी जे ऐकायला मिळेल ते उतरवून घ्यावं. व्याख्यानासाठी ठेवलेलं मानधन त्याला द्यावं. माझंही त्यात मिळवावं.